टूर द फ्रान्स: दर जुलैत विचारले जाणारे प्रश्न

जुलै लागला की आमच्या घरी रात्री जेवताना टीव्हीवर फ्रान्समधली सूर्यफुलांची शेतं दिसायला लागतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला प्रश्न यायला लागतात. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच राहतात. मावसभावाच्या मुलीपासून ते रविवारी बरोबर सायकल मारणाऱ्या निवृत्त मास्तरांपर्यंत सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केलेत. सोपे आधी, डोकं खाणारे नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टूर द फ्रान्स म्हणजे नेमकं काय? किती दिवस चालते?

टप्प्याटप्प्यांची, रस्त्यावरची सायकल शर्यत. एकूण २३ दिवस, त्यात २१ टप्पे आणि दोन दिवस विश्रांती. बहुतेक टप्पे दीडशे ते दोनशे किलोमीटरचे, सगळं मिळून ३,३०० ते ३,५०० किलोमीटर. मार्ग दर वर्षी नवा आखतात. सुरुवात फ्रान्समध्येच व्हावी असंही नाही: २०२४ ची शर्यत इटलीतल्या फ्लॉरेन्समधून निघाली होती. एका संघात आठ जण. २०२५ मध्ये २३ संघ होते, म्हणजे १८४ सायकलपटू.

पहिली शर्यत १९०३ ची. लोतो नावाच्या क्रीडा दैनिकाला खप वाढवायचा होता, आणि त्याचा संपादक आँरी देग्राँज यानं ही कल्पना उचलून धरली. तेव्हा टप्पे सहाच, पण काही साडेचारशे किलोमीटरच्या वर, रात्रभर अंधारात चालवायचे. साठ जण निघाले, एकवीस पोचले. एकेकाळी धुराडी साफ करणारा मॉरिस गारँ जिंकला, तोही दुसऱ्याला जवळजवळ तीन तास मागे टाकून. पुढच्या वर्षीही तोच पहिला आला, पण लबाडीच्या तक्रारींची चौकशी होऊन पहिल्या चौघांना बाद केलं. म्हणजे या शर्यतीत भानगडी आहेत त्या दुसऱ्या वर्षापासूनच आहेत.

२. आपल्याकडे ती कधी पाहायची?

टप्पा तिथल्या घड्याळानं साधारण संध्याकाळी साडेपाचला संपतो. उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे नऊ. सपाट टप्पा असेल तर शेवटचा अर्धा तास पुरे. डोंगरातला असेल तर साडेसातलाच बसा, ताट घेऊनच. कुठल्या वाहिनीवर किंवा ॲपवर दिसेल हे बदलत राहतं, ते जूनअखेर बघून ठेवलेलं बरं.

३. रोज वेगळाच माणूस पहिला येतो. मग शर्यत जिंकतो कोण?

हा प्रश्न सुटला की निम्मी टूर कळली. रोजच्या टप्प्याला प्रत्येकाला किती वेळ लागला ते लिहून ठेवतात आणि सगळ्या दिवसांची बेरीज करतात. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो विजेता. बस. शाळेत वर्गात पहिला येणारा मुलगा दर विषयात पहिला असतोच असं नाही, तसंच.

त्यामुळे रोज पहिलं येण्यापेक्षा एकही दिवस वाईट न जाणं जास्त मोलाचं. क्रिस फ्रूमनं २०१७ ची टूर एकही टप्पा न जिंकता जिंकली. ग्रेग लेमाँडनं १९९० ला तेच केलं होतं. उलट मार्क कॅव्हेंडिशचे ३५ टप्पे, हा विक्रम आहे, पण टूर जिंकायच्या तो आसपासही कधी नव्हता. सपाटीवरचा वाघ, डोंगरात रोज अर्धा-अर्धा तास मागे.

वेळेत थोडी सूटही मिळते. नेहमीच्या टप्प्यात पहिल्या तिघांच्या एकूण वेळेतून १०, ६ आणि ४ सेकंद वजा होतात. दहा सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटत असेल तर प्रश्न १३ वाचा.

४. शंभर जण एकत्र पोचतात. त्यांचे सेकंद कोण मोजत बसतं?

क्रमांक प्रत्येकाचा वेगळा लागतो, त्यासाठी सायकलवर चिप असते आणि रेषेवर कॅमेरा. २०१७ मध्ये एका टप्प्याचा निकाल ६ मिलिमीटरच्या फरकानं लागला होता. वेळ मात्र घोळक्याची धरतात. घोळका तुटलेला नसेल तर पहिल्याला मिळाली तीच वेळ दीडशेव्यालाही. त्यामुळे पिवळ्या जर्सीवाला, म्हणजे एकूण वेळेत पुढे असलेला (प्रश्न ५), चाळिसावा आला म्हणून हळहळायचं कारण नाही. आमचे काका दर वर्षी ओरडतात, "अरे, पिवळा तर मागेच राहिला की!" राहू दे. त्याला घोळक्यात सुखरूप पोचायचं असतं, एवढंच.

घोळक्यात फट पडली की मात्र मागच्यांची वेळ वेगळी धरतात. सपाट टप्प्यात ही फट निदान तीन सेकंदांची लागते, बाकी ठिकाणी एक सेकंदही पुरतो.

५. पिवळी, हिरवी, लाल ठिपक्यांची, पांढरी: कुठली जर्सी कशाची?

पिवळी एकूण वेळेत सगळ्यात पुढे असलेल्याची (प्रश्न ३). ती १९१९ मध्ये आली. लोतो पिवळ्या कागदावर छापलं जायचं, तोच रंग घेतला. पहिला मानकरी यूजीन क्रिस्तॉफ. हा बिचारा प्रश्न ११ मध्ये पुन्हा भेटेल.

हिरवी गुणांची. टप्प्याच्या शेवटी आणि वाटेतल्या एका ठिकाणी कितवा आलात त्यावर गुण मिळतात, सपाट टप्प्यांना जास्त. त्यामुळे ती बहुधा वेगवान फिनिशवाल्यांकडे जाते. २०२४ ला ती एरिट्रियाच्या बिनियाम गिरमायनं जिंकली, आणि त्याच शर्यतीत टूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन ठरला.

पांढऱ्यावर लाल ठिपके म्हणजे घाटाचा राजा. चढाच्या माथ्यावर आधी पोचणाऱ्यांना गुण असतात (प्रश्न ९). "घाटाचा राजा" हे नाव मी माझ्या पदरचं लावलेलं नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला हाच किताब देतात.

पांढरी तरुणांची. हिशोब पिवळीसारखाच वेळेचा, पण त्या वर्षात ज्यांचं वय पंचविशीच्या पुढे जाणार नाही त्यांच्यातला.

६. एकाच माणसानं दोन जर्सी मिळवल्या तर तो दोन्ही घालतो का?

मान दोन्हींचा त्याचाच, अंगावर एकच. पिवळी सगळ्यात वरची, मग हिरवी, मग ठिपके, मग पांढरी. उरलेली जर्सी त्या यादीतला पुढचा माणूस उसनी घालतो. म्हणून कधीकधी ठिपक्यांच्या जर्सीतला माणूस चढात रमतगमत मागे राहिलेला दिसतो आणि बघणारे चक्रावतात. १९६९ मध्ये एडी मर्क्सनं एकूण विजय, गुण आणि घाट, तिन्ही एकट्यानं घेतलं होतं.

७. सगळे एकमेकांना चिकटून का चालवतात? ज्याला जिंकायचंय त्यानं सरळ पुढे का जाऊ नये?

वारा. सपाटीवर चाळीसच्या वेगानं जाताना सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पुढच्याच्या चाकामागे बसलात की तीच चाल बऱ्याच कमी कष्टात निघते, आणि मोठ्या घोळक्याच्या पोटात तर हवा जवळजवळ लागतच नाही. ज्यानं कधी सोलापूर रस्त्यावर समोरच्या वाऱ्यात ट्रकच्या आडोशानं दोन किलोमीटर सायकल हाणली आहे त्याला हे सांगायला नको. (हाणू नका. माझं पुढचं चाक तिथेच एका खड्ड्यात कामी आलं.)

तरी रोज चार-सहा जण पुढे पळ काढतातच. घोळका त्यांना चार-पाच मिनिटं देतो आणि शेवटच्या तासात गिळतो. हे इतकं नेमानं होतं की बघणाऱ्याला वाटतं, मग पळतातच कशाला? कधीतरी घोळक्याचं गणित चुकतं म्हणून. शिवाय छोट्या संघांच्या प्रायोजकाचं नाव तीन तास टीव्हीवर दिसतं ते वेगळंच.

खरी धमाल आडव्या वाऱ्यात. वारा बाजूनं आला की आडोसा मागे नसतो, तिरका असतो. मग सगळे रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरकी रांग धरतात. रस्त्याच्या रुंदीत वीस-बावीस जणच मावतात. तेविसावा कडेला वाऱ्यात उघडा पडतो, तुटतो, आणि त्याच्यामागचे सगळे त्याच्याबरोबर तुटतात. डोंगरात जे घडत नाही ते अशा सपाट माळावर दहा मिनिटांत घडतं. समुद्रकाठचा टप्पा "कंटाळवाणा" म्हणून सोडू नका.

८. एकच जिंकणार असेल तर बाकीचे सात जण कशासाठी?

राबायला. फ्रेंचमध्ये त्यांना दोमेस्तिक म्हणतात, म्हणजे शब्दशः घरगडी. गडी मागे संघाच्या गाडीपर्यंत जातो, सात-आठ बाटल्या जर्सीच्या पाठीत, पोटात, जागा मिळेल तिथे कोंबतो आणि पोटुशा बाईसारखा डुलत डुलत पुन्हा घोळक्याच्या पुढे येतो. दिवसातून चार वेळा. वाऱ्यात पुढे तोच राहणार, म्होरक्याचं चाक फुटलं तर स्वतःचं काढून देणार.

१९३४ मधली गोष्ट. वीस वर्षांचा रने व्हिएतो डोंगरात तुफान चालला होता. म्होरक्या आँतोनँ मान्य पडला आणि चाक मोडलं. व्हिएतोनं आपलं पुढचं चाक काढून दिलं आणि दुरुस्तीची गाडी येईपर्यंत रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर रडत बसला. तो फोटो अजून छापला जातो. दुसऱ्या दिवशी मान्यची सायकल पुन्हा बिघडली, तेव्हा पुढे गेलेला व्हिएतो मागे वळून चढ चढून आला आणि त्यानं अख्खी सायकल दिली. मान्य टूर जिंकला. व्हिएतो कधीच जिंकला नाही.

पैशाचं म्हणाल तर विजेत्याला पाच लाख युरो, टप्पा जिंकणाऱ्याला अकरा हजार. रिवाज असा की विजेता ही रक्कम स्वतः ठेवत नाही, संघात वाटतो. त्याची खरी कमाई पगारातून होते.

९. चढाला चौथी श्रेणी, पहिली श्रेणी म्हणतात ते काय? आणि "श्रेणीबाहेर" म्हणजे?

चौथी श्रेणी म्हणजे टेकाड, पहिली म्हणजे दमछाक. आकडा उलटा चालतो, हे लक्षात ठेवा. त्याच्याही वर जे चढ आहेत त्यांना श्रेणीच नाही, म्हणून "श्रेणीबाहेर". चौथ्या श्रेणीच्या माथ्यावर पहिल्याला एक गुण, पहिल्या श्रेणीला दहा, श्रेणीबाहेर वीस. लांबी, तीव्रता आणि चढ टप्प्यात कुठे येतो, हे बघून आयोजक श्रेणी ठरवतात.

अंदाज यावा म्हणून: आल्प द्युएझचा चढ १३.८ किलोमीटरचा, सरासरी ८.१ टक्के, एकवीस वळणं. सिंहगडाचा गाडीरस्ता आठ-नऊ किलोमीटरचा, उंचीत पाच-सहाशे मीटर चढवणारा. म्हणजे सिंहगडाच्या माथ्यावर पोचून पिठलं-भाकरी समोर आली असताना कोणी म्हणालं, "उठा, अजून जवळजवळ तेवढंच आहे," तर आल्प द्युएझ होईल. आणि टूरवाले त्याआधी दोन डोंगर ओलांडून आलेले असतात.

१०. पाच तास सायकलवर, मग खातात कधी? आणि... बाकीचं?

चालवतानाच. भाताचे छोटे वडीसारखे तुकडे, केक, जेल, साखरेचं पाणी. दर तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पोटात घालायचा सराव हिवाळ्यापासून करतात, कारण पोटालाही शिकवावं लागतं. ठरलेल्या ठिकाणी संघाची माणसं खांद्याला अडकवायच्या कापडी पिशव्या हातात धरून उभी असतात. पिशवी चालत्या सायकलवरून झपकन घ्यायची, खाऊ खिशात भरायचा. रिकामी बाटली कुठेही भिरकावता येत नाही; टाकायच्या जागा ठरवून दिलेल्या आहेत, नाहीतर दंड.

बाकीचं म्हणजे तुम्ही जे टाइप करायला लाजलात ते. टप्प्याच्या सुरुवातीला, शर्यत संथ असताना, बरेच जण एकत्र कडेला थांबतात, आणि त्या वेळी हल्ला चढवायचा नाही असा अलिखित नियम आहे. काही बहाद्दर चालत्या सायकलवरही उरकतात. गावात, लोकांसमोर केलं तर दंड होतो.

११. सायकल बिघडली तर? कोणाकोणाची मदत घेता येते?

मागून संघाच्या गाड्या टपावर सायकली लादून येत असतात. चाक बदला, सायकल बदला, सहकाऱ्याची घ्या, सगळं चालतं. गाडीला धरून पुढे जाणं चालत नाही. बाटली देता-घेताना मात्र गंमत होते: गाडीतला माणूस बाटली पुढे करतो, सायकलवाला पकडतो, आणि दोघंही ती सोडायचं विसरतात. आम्ही लहानपणी उसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धरून शाळेत जायचो, त्यातलाच प्रकार. पंच दोन-चार सेकंद डोळेझाक करतात, पुढे दंड.

पूर्वी असलं काही नव्हतं. १९१३ मध्ये तूरमाले घाट उतरताना क्रिस्तॉफचा पुढचा चिमटा तुटला. नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची. सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर चालत सँत-मारी-द-काँपां या गावात उतरला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतः लोखंड तापवून, ठोकून चिमटा जोडला. पंच बाजूला उभे राहून बघत होते. दोन्ही हात कामात अडकलेले, म्हणून एका पोरानं भाता चालवला. झालं, परकी मदत घेतली म्हणून दहा मिनिटांचा दंड! तो पुढे कमी केला, पण शर्यत गेलीच. १९१९ ला पिवळी जर्सी अंगावर असताना, शेवटून दुसऱ्या टप्प्यात, त्याचा चिमटा पुन्हा तुटला. तो टूर कधीच जिंकला नाही. माझ्या मते सगळ्या विजेत्यांपेक्षा त्याचं नाव आधी पाठ करावं.

१२. फार मागे राहिलेल्यांचं काय होतं?

वेळेची मर्यादा असते: विजेत्याची वेळ अधिक काही टक्के. टक्के टप्पा किती अवघड आणि विजेता किती वेगात गेला यावरून ठरतात. समजा विजेत्याला पाच तास लागले आणि मर्यादा दहा टक्के असेल, तर साडेपाच तासांनंतर येणारा घरी.

म्हणून डोंगरात सपाटीवाले एकत्र टोळी करून चालतात. ही टोळी हळू दिसते, पण तिच्यातला कोणीतरी सतत गुणाकार करत असतो. टोळी मोठी ठेवण्यात शहाणपण आहे: २०११ मध्ये गॅलिबियेच्या टप्प्यात ऐंशीहून जास्त जण मर्यादेबाहेर आले, आणि एवढ्यांना काढलं तर शर्यत उरेल काय, म्हणून सगळ्यांना ठेवून घेतलं. हिरव्या जर्सीतला कॅव्हेंडिशही त्यातच होता. त्याचे वीस गुण कापले. एकटा-दुकटा असता तर बॅग भरावी लागली असती.

सगळ्यात शेवटच्या क्रमांकाला "लाल दिवा" म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला असायचा तो. ही चेष्टा नाही. शेवटचा म्हणजे पोचलेल्यांतला शेवटचा.

१३. शेवटच्या दिवशी सगळे हसत-खेळत, शँपेन पीत चालवतात. ही कसली शर्यत?

१९७५ पासून टूर पॅरिसच्या शाँझ-एलिझे रस्त्यावर संपते (२०२४ ला ऑलिम्पिकमुळे नीसला संपली). त्या दिवशी पिवळ्या जर्सीवर हल्ला करायचा नाही ही जुनी रीत. रस्ता सपाट, फरक मिनिटांचा. केला तरी हाती काही लागत नाही. मात्र शेवटच्या फेऱ्यांत टप्प्यासाठी जिवाच्या आकांतानं चालवतात.

या रीतीला दोन सणसणीत अपवाद. पहिला १९८९. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती: एकेकट्यानं, आडोशाविना. लोराँ फिन्याँ लेमाँडच्या ५० सेकंद पुढे. एवढ्याशा अंतरात पन्नास सेकंद जात नाहीत, असं सगळे म्हणत होते. लेमाँडनं हात पुढे टेकवायचं ट्रायथलॉनचं हँडल लावलं, निमुळतं हेल्मेट घातलं. फिन्याँ उघड्या डोक्यानं, पोनीटेल उडवत निघाला. ८७ तासांहून जास्त चाललेली शर्यत लेमाँडनं ८ सेकंदांनी जिंकली. ते पोनीटेल कापलं असतं तर, यावर लोक अजून वाद घालतात.

दुसरा २०२५. मोंमार्त्रची दगडी चढण शेवटच्या टप्प्यात घातली. पावसामुळे एकूण वेळ आधीच गोठवली होती, तादेय पोगाचारची चौथी टूर पक्की होती, तरी तो गप्प बसेना, हल्ले करत राहिला. शेवटच्या चढणीवर वाऊट व्हान आर्टनं त्यालाच मागे टाकून टप्पा जिंकला.

१४. कोणी भारतीय टूरमध्ये उतरला आहे का?

नाही. आशियातून जपान आणि चीनचे सायकलपटू पोचले आहेत. चीनचा जी चेंग २०१४ मध्ये सगळ्यात शेवटी आला, म्हणजे प्रश्न १२ मधला लाल दिवा. टूरमध्ये नाव नोंदवून उतरता येत नाही. बोलावलेल्या व्यावसायिक संघानं निवडावं लागतं, आणि तिथपर्यंतची शिडी युरोपातल्या मुलांच्या शर्यतींपासून सुरू होते. २०२६ च्या जानेवारीत झालेली पुणे ग्रँड टूर ही आपल्याकडची आंतरराष्ट्रीय, टप्प्यांची शर्यत. ती त्या शिडीची खालची पायरी, पण पायरी आहे.

"पण नाशिकचे महाजन बंधू? नागपूरचे डॉ. अमित समर्थ?" त्यांनी केली ती रेस अक्रॉस अमेरिका: महाजन बंधूंनी २०१५ ला दोघांच्या संघात, समर्थ यांनी २०१७ ला एकट्यानं. ती निराळी जात. तिथे टप्पे नसतात, घड्याळ थांबतच नाही, झोपलात तर झोपेचा वेळही मोजला जातो, आणि आडोसा घ्यायला बंदी. टूरवाल्याला रोज रात्री मसाज आणि गादी मिळते. कोण जास्त कणखर, हा वाद मी घालत नाही.

१५. महिलांची टूर असते का?

असते. सध्याची २०२२ पासून, पुरुषांची संपते त्याच सुमारास सुरू होते. पहिली आठ टप्प्यांची होती, २०२५ ला नऊ झाले. पुरुषांपेक्षा टप्पे कमी पण रंगत जास्त, असं माझं खासगी मत आहे. २०२४ मध्ये आल्प द्युएझवर संपलेली शर्यत काशा निवियाडोमानं ४ सेकंदांनी जिंकली. १९८९ चे आठ सेकंद त्यापुढे ऐसपैस वाटतात.

१६. आर्मस्ट्राँगच्या सात टूर गेल्या, मग त्या कोणाला दिल्या?

कोणालाच नाही. १९९९ ते २००५ या सात वर्षांपुढे विजेत्याची जागा रिकामी आहे. २०१२ मध्ये उत्तेजक औषधं घेतल्याबद्दल या अमेरिकन सायकलपटूचे निकाल रद्द झाले तेव्हा मागचा माणूस वर सरकवायचा तर तोही स्वच्छ आहे का हे बघावं लागलं असतं, आणि त्या काळातली बरीच नावं अशाच औषधांच्या प्रकरणात आलेली होती. २००६ चा विजेता फ्लॉइड लँडिसही बाद झाला, पण तिथे दुसऱ्या आलेल्या ऑस्कर पेरेरोला विजेता ठरवलं. सर्वाधिक विजय म्हणून आज पाच-पाच वेळा जिंकलेले चौघं: आँकतील, मर्क्स, इनो आणि इंदुरायन.

१७. रेषेजवळ येऊन पडला तर सगळा वेळ वाया?

सपाट टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पडलात किंवा सायकल बिघडली, तर ज्या घोळक्यात होता त्याची वेळ मिळते. अलीकडे काही टप्प्यांना हे अंतर पाच किलोमीटरपर्यंत वाढवतात. क्रमांक मात्र खरोखर जो आला तोच, म्हणजे हिरव्या जर्सीचे गुण गेले. आणि पडून रेषेपर्यंत पोचताच आलं नाही, तरी टप्प्यात शेवटचा क्रमांक देऊन वेळ घोळक्याचीच देतात.

डोंगरमाथ्यावर संपणारा टप्पा आणि टाइम ट्रायल यांना ही सवलत नाही.

१८. दोघांची एकूण वेळ अगदी सारखी निघाली तर?

आधी एकट्यानं चालवायच्या टाइम ट्रायलमधले सेकंदांचे अंश बघतात, ते इतर दिवशी धरत नाहीत. त्यानंही सुटलं नाही, किंवा टाइम ट्रायल अजून झालीच नसेल, तर सगळ्या टप्प्यांतल्या क्रमांकांची बेरीज; कमी बेरीजवाला पुढे. २०२५ मध्ये चौथ्या टप्प्यानंतर पोगाचार आणि मात्यू व्हान डर पूल सेकंदाला सेकंद बरोबर होते. टप्पा पोगाचारनं जिंकला, पण क्रमांकांच्या बेरजेवर पिवळी व्हान डर पूलकडेच राहिली.

१९. रेल्वेचं फाटक लागलं तर?

आपल्याकडच्यांचा आवडता प्रश्न. बंद फाटकाखालून वाकून जायचं नाही. गेलात तर शर्यतीतून बाद. पळ काढलेले पलीकडे गेले आणि घोळका अडकला, तर ते नशीब, कोणी काही भरून देत नाही. पण बरेच पुढे असलेले अडकले आणि मागचा घोळका येऊन मिळाला, तर शर्यत थांबवून आधीचं अंतर राखून पुन्हा सोडतात.

२०. टप्पा मध्येच बंद करावा लागला तर निकाल कसा लावतात?

२०१९ मध्ये झालं ते असं. एकोणिसावा टप्पा, इझेराँ घाट. एगान बर्नाल माथा ओलांडून एकटा पुढे. पलीकडच्या उतारावर गारा आणि चिखलाचा लोंढा रस्त्यावर आलेला. टप्पा तिथेच थांबवला आणि इझेराँच्या माथ्यावरची वेळ धरली. पिवळी बर्नालला मिळाली आणि त्यानं टूरही जिंकली, पण त्या टप्प्याचा विजेता कोणालाच घोषित केलं नाही. म्हणून प्रश्न ३ मधल्या "टप्पा न जिंकता टूर जिंकलेल्यां"मध्ये त्याचंही नाव आहे, जरा अन्यायानंच.

२१. सायकल खांद्यावर घेऊन पळत रेषा ओलांडली तर चालतं का?

चालतं. ढकलत न्या, उचलून न्या, सायकल बरोबर हवी. सायकलशिवाय ओलांडली तर नाही.

हा प्रश्न २०१६ च्या व्हाँतू डोंगरामुळे येतो. वर वारा सुटला होता म्हणून टप्पा खालीच, शाले रेनारला संपवला. वरची गर्दीही खाली उतरून रस्त्यात आली. गर्दीत मोटारसायकल अडकली, तिच्यावर पिवळ्या जर्सीतला फ्रूम आणि आणखी दोघं आदळले. फ्रूमची सायकल मोडली. संघाची गाडी गर्दीच्या मागे. तर हा गडी सायकलचे बूट घालून, टकटक करत, चढावर पळत सुटला! थोड्या वेळानं परकी सायकल मिळाली, ती त्याच्या बुटांना बसेना; मग संघाची आली आणि तिच्यावर बसून त्यानं रेषा ओलांडली. पंचांनी अपघाताच्या क्षणाचा फरक धरून त्याची वेळ दुरुस्त केली आणि पिवळी त्याच्याकडेच राहिली. पळत गेला तेवढं अंतर सायकलशिवाय कापल्याबद्दल त्याला काही शिक्षा झाली नाही.